टेलला पोचणाऱ्या दोन धमन्या

काल माझ्या सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्लायवूडचं नवं कपाट आलं. दार उघडताच अवयव टिकवायच्या फॉर्मालिनसारखा झोंबणारा वास आला आणि मी थेट मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत जाऊन उभी राहिले.

शरीररचनेत मी आधी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले, तर शिक्षण सोडून करकंबला परत जायचं, असं घरी ठरलं होतं. समोरच्या ट्रेमध्ये बोकडाचा कापलेला डोळा होता आणि त्याचा मधला थर काळ्या द्राक्षाच्या सालीसारखा दिसत होता.

“याला रक्त कुठून येतं?” परीक्षक मॅडमनी विचारलं. पाठ केलेलं इंग्रजी आठवेना.

“मराठीत सांगू का, मॅडम?”

“सांग की.”

“मागनं लई बारक्या धमन्या येत्यात, त्या मागचं रान भिजवत्यात. दोन लांब हायेत. त्या वाटंत कुणाला पाणी देत न्हाईत, थेट टेलला, बुबुळातल्या आयरिसला जात्यात.”

आमचं शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. तोंडात तेच आलं. मॅडम हसल्या.

“टेलला पाणी पोचतंय म्हणजे नवलच. आमच्या अकलूजला कुटं पोचतंय? जा, पुढच्याला पाठव.”

मी पास झाले. पण कित्येक वर्षं मला वाटायचं, मॅडमनी दया केली. आता तोच थर मी रोज तपासते. काल कपाट पुसताना ते उत्तर मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती.