मधल्या सुट्टीतल्या आपा

आपांच्या ऑफिसात ‘तशी’ या शब्दाला बंदी होती. विशेष मुलांच्या शाळेत पाऊल टाकणारा प्रत्येक आईबाप एकाच वाक्याने सुरुवात करतो, ‘‘आमची मुलगी तशी हुशार आहे हो, फक्त...’’ आपांच्या टेबलावर एक जुनी पितळी घंटा असायची. ‘तशी’ ऐकू आलं की त्या ती वाजवायच्या. मी रंगाचा दुकानदार, बोलण्यावरच पोट माझं. पहिल्या भेटीत मी इतक्या वेळा ‘तशी’ म्हणालो की बाहेरच्या मुलांना वाटलं, मधली सुट्टी झाली. अख्खी शाळा डबे घेऊन अंगणात येऊन बसली.

‘‘बघा, सईचे बाबा,’’ आपा म्हणाल्या, ‘‘तुमच्यापायी आज आम्ही सकाळीच जेवणार!’’ आणि हसल्या. आपा हसल्या की समोरच्या माडावरचे कावळे उडायचे.

आपा मूळच्या दाभोळच्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, पण बाई किंवा मॅडम त्यांना कुणी म्हणत नसे. मुलांच्याही आपा, मुलांच्या बापांच्याही आपाच. त्यांच्याकडे आम्ही गेलो ते माझ्या हौसेची फळं घेऊन. सईला डाऊन सिंड्रोम आहे. तरीही तिला मी टाय लावणाऱ्या मोठ्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, कारण लग्नकार्यात चारचौघांत सांगायला बरं वाटायचं. तिथे तिला कुणी मारलं नाही, कुणी रागावलंही नाही. शेवटच्या बाकावर खडू देऊन बसवलं आणि विसरून गेले. घरी मांजराशी, मिक्सरशी, गॅसवाल्याशी सारख्याच उत्साहाने गप्पा मारणारी माझी पोर आधी शाळेत गप्प झाली, मग घरीही. शेवटी बायकोने एका हाताने सईला धरलं, दुसऱ्या हाताने मला, आणि आपांसमोर उभं केलं.

‘‘म्हणजे आता ही नेहमीच्या शाळेत कधीच जाणार नाही?’’ मी पडेल आवाजात विचारलं.

‘‘पोरगी बघितली. बरी आहे,’’ आपा म्हणाल्या. ‘‘बापाचं बघावं लागेल. सोमवारपासून वर्गात बसा.’’

हा त्यांचा नियमच होता. नव्या मुलाबरोबर आई किंवा बाप, कुणीतरी एकाने आठवडाभर वर्गात बसायचं. बायकोने मला पुढे केलं. पहिलाच पाठ रंगांचा निघाला. पिवळे मणी पिवळ्या वाटीत, निळे निळ्या वाटीत. मी मनात म्हटलं, आता दाखवतो! पहिलाच मणी उचलून मी शिकवणाऱ्या ताईंना सांगितलं, ‘‘हा पिवळा नाही, आयव्हरी आहे.’’ दुसरा लेमन निघाला. तिसऱ्याबद्दल मी शेड कार्ड बघितल्याशिवाय बोलायला तयार नव्हतो. सगळ्यांच्या वाट्या भरल्या, माझी रिकामी. सई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने माझ्या बोटांतून मणी काढून घेतला, वाटीत टाकला आणि म्हणाली, ‘‘बाबा, पिवळा!’’

कित्येक महिन्यांनी ऐकलेला तिचा आवाज, आणि तोही माझी चूक काढणारा. मी त्या इवल्याशा खुर्चीवर बसून भोकाड पसरलं. आपा दारातूनच म्हणाल्या, ‘‘रडा हो, खुशाल रडा. पण वाटी भरा.’’

सई तिथे अशी फुलली की विचारू नका. मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर आपांबरोबर जाऊन बांगड्यांचा भाव पाडू लागली. झोपाळ्यावर कुणाचा नंबर, हे ती ठरवू लागली. आणि मी त्या शाळेचा इतका भगत झालो की डिस्टेंपर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला विशेष शाळेवर व्याख्यान ऐकल्याशिवाय डबा मिळत नसे. अशात एक दिवस आपा म्हणाल्या, ‘‘सईला आता घराजवळच्या एखाद्या नेहमीच्या शाळेत घाला.’’

‘‘का? काय केलं तिने?’’

‘‘इथं सगळ्यांत हुशार झालीये. बोलायला, भांडायला कुणी उरलं नाय तिला.’’

‘‘आपा, मागे गप्प झाली होती ती. पुन्हा झाली तर?’’

त्या दिवशी आपा हसल्या नाहीत. ‘‘होईल सुद्धा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी काय लिहून देत नाय. पण मागे तुम्ही शाळा टाय बघून निवडलीत. आता माझ्याबरोबर चला.’’

आपांची पद्धत अशी. ‘‘प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळा सारख्याच. शाळा बघायची ती मधल्या सुट्टीत. एकटं पोर दिसलं की त्याच्याजवळ कोण जातंय, तेवढंच बघायचं.’’ मग आम्ही गेटाबाहेर शेंगदाणे खात उभे. ही शाळा नको, ती नको, असं चाललेलं. त्यांना मदत करावी म्हणून एका दुपारी मी एकटाच निघालो. भावाने दुबईहून आणलेली दुर्बीण होती. ती घेऊन एका शाळेच्या जांभ्या दगडाच्या गडग्याआड बसलो आणि डोळ्याला लावली.

वॉचमनने मागून कॉलर धरली. ‘‘पोरं पळवतोस काय रे?’’ बघता बघता माणसं जमली. कसाबसा आपांचा नंबर सांगितला. आपा रिक्षातून उतरल्या.

‘‘बाई, ह्याला ओळखता?’’ वॉचमनने विचारलं.

आपांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘तोंडओळख आहे,’’ त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गेटाच्या गजांतून एक बाटली बाहेर आली. मागे दोन वेण्या होत्या. ‘‘काका, पाणी पिता?’’ आजूबाजूची मोठी माणसं माझ्यावर बाह्या सरसावत होती आणि त्या पोरीला माझ्या कोरड्या घशाची काळजी! मी घटाघटा प्यायलो. आपा त्या पोरीकडे बघत राहिल्या.

‘‘घ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सापडली शाळा.’’

मे महिन्यात आपा निवृत्त झाल्या आणि मुलाकडे कुवेतला गेल्या. जाताना सईला पोटाशी धरलं आणि मला बजावलं, ‘‘वर्गाच्या खिडकीत दिसू नका.’’ जूनमध्ये सई नव्या शाळेत जाऊ लागली आणि तिथे गप्प बसली. वर्गात अक्षर नाही. मी रोज कुवेतला फोन लावायचो.

‘‘आपा, गप्पच आहे.’’

‘‘थांबा.’’

‘‘आपा, अजून गप्पच आहे.’’

‘‘अजून थांबा.’’

थांबणं हे माझं काम नव्हे. गणपती येईपर्यंत बघायचं, नाहीतर पोरीला परत आपल्या जुन्या शाळेत न्यायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. गणपतीच्या तोंडावर शाळेतून बोलावणं आलं. मी पाय ओढतच गेलो.

‘‘सईची तक्रार आहे,’’ वर्गशिक्षिका म्हणाल्या. ‘‘वर्गात सारखी बोलते. शेजारणीला लिहू म्हणून देत नाही.’’

‘‘पुन्हा सांगा,’’ मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी नाक्यावर धावलो आणि पेढे आणले. बाईंच्या हातात बॉक्स ठेवला तेव्हा त्या गोंधळून म्हणाल्या, ‘‘अहो, मी तक्रार करतेय!’’

‘‘करत राहा,’’ मी म्हटलं.

संध्याकाळी आपांना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘द्या, द्या सईला.’’ सई दारात चपला घालत होती. बाहेर शाळेतल्या मैत्रिणी खोळंबल्या होत्या. मी फोन पुढे केला. तिने तोंड जवळ आणलं. ‘‘आपा, नंतर हां. मी खेळायला चाललेय.’’ आणि पळाली.

मला ओशाळल्यासारखं झालं. काहीतरी सारवासारव करणार, तोच तिकडे आपा घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आल्या, ‘‘ऐकलंस काय रे? पोरीला माझ्यासाठी वेळ नाय! वेळच नाय म्हणते!’’