सकाळी सातची गिनती

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी चौदा वर्षं काढली. मेजर म्हणून बाहेर पडले. पण आज सांगतेय ती ड्यूटी वर्दीतली नाही. ती लागली अबू धाबीत, मुलाकडे मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आल्यावर. साठी आली होती, तरी घरी बसवत नव्हतं. होम नर्सिंगवाल्यांनी मागच्याच गल्लीतल्या व्हिलातला एक पेशंट दिला. वेळ सात ते तीन.

पेशंट यानसाहेब. देश झेक, वय सत्याऐंशी, हार्ट थकलेलं. मुलगी हेलेना इथे इंजिनिअर. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, बाबांनी लढाईचा काळ पाहिलाय, त्याबद्दल काही विचारू नका. मी मनात म्हटलं, म्हणजे फौजी. आपलाच माणूस.

आता आमची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिलिटरी हॉस्पिटलात सकाळचा राउंड आला की सिस्टर 'सावधान' म्हणते. चालते-फिरते जवान पलंगाशेजारी उभे राहतात, बाकीचे पडल्या पडल्या हातपाय सरळ करतात. गिनती होते, मग 'विश्राम'. तिसऱ्या दिवशी मी यानसाहेबांना गमतीने तेच शिकवलं. ते उठले आणि काय सांगू, असं ताठ उभं राहणं मी परेडवरही पाहिलं नव्हतं. डोक्यावरची टोपी झटकन काढून मांडीला लावली, नजर खाली, आणि जर्मनमध्ये एक नंबर म्हटला. मला वाटलं, सर्व्हिस नंबर. खूश झाले मी.

मग ते रोजचं झालं. मिनिटभराचं काम. 'विश्राम' म्हटलं की बसायचे, चहा घ्यायचे, आणि माझी चेष्टा करायचे, "सिस्टर, तुमच्या आर्मीत साखर फुकट होती का?" नको असं कधी म्हणाले नाहीत. 'नको' म्हणणं त्यांच्यातून कुठे काढून घेतलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

जानेवारीतला दिवस. सात वाजून पाच मिनिटांनी मी 'सावधान' म्हटलं. त्यांनी नंबर सांगितला. तेवढ्यात सुनेचा फोन आला. स्कूल बस चुकली, नातीला कोण सोडणार? बोलत बोलत मी किचनमध्ये गेले. बस, टॅक्सी, शाळा, फोनवर फोन झाले; तिथेच ओट्स चढवले, औषधं काढली. परत आले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

यानसाहेब उभेच होते. पायजमा ओला. ओठ निळसर. नंबर पुटपुटत होते.

मी म्हटलं, विश्राम. हलले नाहीत. खांदा धरून बसवायला गेले तर सगळं अंग लाकडासारखं. नाडी हाताला लागेना. आणखी दहा मिनिटं उभे राहिले असते तर हार्ट बंदच पडलं असतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग हेलेनाला. काय केलं ते लपवलं नाही.

ती म्हणाली, "सिस्टर, बाबा सोल्जर नव्हते. नाझींच्या कॅम्पात कैदी होते. सोळा वर्षांचे."

"आत्ता काय करू?"

"आकडा जुळला म्हणा. त्याशिवाय ते बसणार नाहीत."

मी समोर उभी राहिले. "गिनती पूर्ण. एक."

त्यांनी मान हलवली. "दोन," म्हणाले. "पावेल."

पावेल कोण, मला माहीत नव्हतं. त्यांचा डावा हात बाजूला कुणाचा तरी दंड धरल्यासारखा होता, तो दिसला. मी तिकडे बघून मोजलं, "दोन. आकडा बरोबर. खलास."

तेव्हा गुडघे वाकले. मी झेललं.

वाचले ते. आठ दिवसांनी हॉस्पिटलातून आले, मी पाय धरून माफी मागितली. तर म्हणाले, तुम्ही मारलं तर नाही ना. मग थोडं थोडं सांगू लागले. तीन मजली फळ्या, एका फळीवर पाच जण. एकाने कूस बदलली की पाचांनी बदलायची. सकाळी कॉफी म्हणून काळं पाणी, दुपारी सलगमाचं पातळ सूप, रात्री भुसा घातलेला पाव. पायात लाकडी बूट, जखमेत उवा. पहाटे बर्फात हजेरी. रात्रीत मेलेल्यांनाही उचलून आणायचं, ओळीत ठेवायचं, कारण तेही आकड्यात धरलेले. आकडा जुळेपर्यंत कोणी बसायचं नाही.

पावेल धाकटा भाऊ. अशाच एका हजेरीला उभ्या उभ्या गेला. खाली पडला तर लाथा मारतील, म्हणून यानसाहेबांनी त्याचा दंड धरून त्याला आकडा जुळेपर्यंत उभं ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात यानसाहेब गेले, झोपेत, स्वतःच्या पलंगावर. पावेलला कबर नाही. चौदा वर्षांचा होता. त्याला सलगम आवडत नसे, आणि आपला वाटा तो भावाच्या वाटीत ओतत असे.