कोरमपंडित

आमच्या वस्तीत अजून दोन-चार म्हातारे मला 'कोरमपंडित' म्हणतात. ही पदवी मला पानठेल्यावर मिळाली, आणि ज्यांनी दिली त्यांच्यातले निम्मे आता वर गेले. उरलेले हाक मारतात तेव्हा हसत नाहीत. आधी हसायचे.

वस्ती बालाघाटच्या कडेला, वारासिवनीच्या रस्त्यावर. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्या सरकारी नोकरीतल्या मराठी माणसांची घरं: समोर गेटवर पाटी, मागं शेजाऱ्याच्या म्हशीचं शेण. मधे तळं. कागदावर आम्ही ग्रामपंचायत. बायकोचे भाऊ आले की विचारायचे, "जीजाजी, तुम गाँव में रहते हो क्या?" मी म्हणायचो, शहराला लागून. ते म्हणायचे, लागून म्हणजे बाहेरच ना.

मध्य प्रदेशाचे दोन तुकडे होऊन छत्तीसगड निघालं त्या सुमाराला आमच्या लोकांनाही वाटायला लागलं, की आपलंही काहीतरी व्हावं. मग निघालं, की नगरपालिकेत जायचं. शहर व्हायचं. ग्रामसभेनं ठराव करायचा आणि वर पाठवायचा, पुढचं सरकार बघेल.

शहराच्या बाजूचे पुढारी म्हणजे एक रिटायर हेडमास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दिवे येतील, नळ येतील, नाल्या बांधल्या जातील, असं ते पानठेल्यावर उभं राहून सांगत, आणि शेवटी खरा मुद्दा काढत: "गावातल्या पोराले पोरगी कोण देते आजकाल?" ज्यांच्या घरी लग्नाची पोरं होती ते लगेच शहराचे झाले. ज्यांच्या घरी म्हशी होत्या ते गावाचे राहिले. ज्यांच्या घरी दोन्ही होतं ते घरात भांडत.

मी गावाच्या बाजूचा. मात्र माझं कारण ना म्हैस होती ना पोरगं. माझं कारण तळ्यात होतं.

त्या तळ्यात एक ढिवरीण काकी, मासेमाराच्या घरातली, शिंगाडे लावायची. तिच्या सासऱ्यापासूनचं चालत आलेलं काम. पंचायत दरवेळी तळ्याचा भाडेपट्टा तिच्याच घरी देई, कुणी विचारतही नसे. पावसाळ्यात वेल सोडायचे, दसऱ्यापासून तोडणी. दोन मोठी मडकी उपडी घालून बांबूला बांधायची, त्यावर पोटानं टेकून ती पाण्यात फिरे, आणि काठावर नवरा पाट्या धरून उभा राही. नवऱ्याला दम्यानं धरलेलं, पाण्यात उतरणं त्याला बंद होतं. म्हणजे त्या घरात जे काही शिजत होतं ते त्या तळ्यावर. आणि तळं नगरपालिकेकडं गेलं की लिलाव होणार, हे गुरुजीही कबूल करत. "लिलाव म्हंजे न्याय," ते म्हणत. "ज्याच्यात दम असन तो घेईल."

"माह्या घरच्याले दमच हाय," काकी म्हणाली, "पण तो दुसरा." पानठेला हसला. ती हसली नाही.

आमच्या घरी ती उकडलेले शिंगाडे आणून द्यायची, काळे, गरम, बोटं रंगवणारे. मला ते खाण्याची सवय होती, आणि सवयीला मी तत्त्व समजलो. शिवाय मी कलेक्टर कचेरीतला कारकून. वस्तीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडं येत, त्यामुळं नियम हा माझ्या घरचा विषय आहे असा माझा समज झालेला. एका रविवारी मी पंचायतीच्या नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यात कोरम सापडला. अमुक इतकी माणसं हजर नसतील तर ग्रामसभा भरूच शकत नाही!

मी पुस्तक मिटून थेट पानठेल्यावर गेलो. एवढं घाईघाईनं मिटायला नको होतं.

"भांडायची गरजच नाही," मी म्हशीवाल्यांना सांगितलं. "तुम्ही जाऊच नका. कोणीच नका जाऊ. ते बसतील आपले मूठभर. कोरम भरला नाही की सभा खल्लास. ठराव कशाचा करतील, सतरंजीचा?"

लोकांना हे फार आवडलं. आमच्या माणसाला काही न करता जिंकायचा उपाय कुणी दिला तर तो त्याला देवमाणूस म्हणतो. त्याच संध्याकाळी मी पंडित झालो.

सभेच्या दिवशी आम्ही सगळे तळ्याच्या पाळीवर बसलो होतो. तिथून पंचायतीचं अंगण दिसे. सतरंज्या अंथरलेल्या, गुरुजी माईकला "हॅलो, हॅलो" करतायत, सरपंच जांभया देतोय, सचिव उभा राहून पुन्हा पुन्हा डोकी मोजतोय. डोकी काही वाढेनात. शेवटी माईक उचलला गेला. पाळीवर टाळ्या पडल्या. कुणीतरी भजी मागवली. काकीनं मला पानावर भजी देताना म्हटलं, "भाऊ, तुमी नसते तं आमचं काई खरं नव्हतं." मी मान खाली घातली, पण ती विनयानं नव्हे, भजं गरम होतं.

काही दिवसांनी कोटवार पुन्हा दवंडी देत फिरला. गावाचा सरकारी हरकाम्या. त्याचा आवाज तळ्यापलीकडं जाई. "सुनो, सुनो! स्थगित ग्रामसभा होगी, पंचायत भवन में!" मी अंगणात दाढी करत होतो. आरशातल्या मला मी डोळा मारला. पुन्हा मागवा म्हटलं सतरंज्या.

सभेच्या दिवशी सकाळी काकी कुंपणापाशी आली. अंगावर धुतलेलं लुगडं, केसांना पाणी लावून चापून बसवलेले. मला वाटलं लग्नाला निघाली.

"भाऊ, मी जातो सभेत."

"काहून?"

"दोन गोष्टी सांगाच्या हायेत. तळं सासऱ्यापासून हाय म्हणून सांगतो. घरचा उभा राहू शकत नाई म्हणून सांगतो. गुरुजी माह्या हातचे शिंगाडे खाऊन राह्यले इतके वर्ष. तोंडावर सांगतलं तं नाई म्हणतील का?"

"काकी, बोलायचं कामच नाही तुमचं. तुम्ही गेल्या की तिकडं एक डोकं वाढते. तुमचं पाहून दुसरी जाईल, मग तिसरी. कोरम भरला तर?"

"माह्या एका डोस्क्यानं शयर होते?"

"हौ," मी म्हणालो. "होऊ शकते."

कुंपणाची काठी हलत होती ती तिनं नीट बसवली. मग म्हणाली, "तुमी शिकेल माणसं. तुमी म्हणता तं नाई जात." आणि धुतलेल्या लुगड्यानिशी परत गेली.

त्या दिवशी वस्ती इतकी शिस्तीनं घरी बसली की कुत्रीसुद्धा पंचायतीकडं फिरकली नसतील. संध्याकाळी मी ऑफिसातून लुनावर येत होतो तर पंचायतीसमोर गुरुजी पेढे वाटत उभे.

"या, पंडित, या! तुमचे आभार मानाचेच होते. ठराव एकमतानं झाला."

"कोरम?"

"तहकूब सभा पुन्हा भरली तं तिले कोरम लागत नाही ना जी." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "पुस्तकात त्याच्याच खालच्या ओळीत आहे. तुम्ही तं वाचलं असन."

मी कारकून. साहेबानं मागितलेलं पान सापडलं की फाईल मिटतो. तीस माणसांची वस्ती असती तर गोष्ट वेगळी. पण म्हशीवाले, तळेवाले, घरपट्टीला घाबरलेले, सगळे मिळून आम्ही त्यांच्या कितीतरी पट होतो, आणि मी त्या सगळ्यांना घरी बसवून ठेवलं होतं. तिकडं जेमतेम दोन सतरंज्या भरतील एवढे हात वर झाले.

घरी बायको म्हणाली, "मले म्हणता, माझं कोणी आयकत नाही. आज साऱ्या वस्तीनं आयकलं तुमचं." आणि भाजीत मीठ टाकायचं विसरली, की मुद्दाम टाकलं नाही, मी विचारलं नाही.

पेढा मी खिशात घालून आणला होता. तो मुंग्यांनी खाल्ला.

शहर व्हायला मधे बराच काळ गेला. आम्ही हरकत घेतली, म्हणजे मीच लिहिली. उत्तर आलं, की ठराव एकमताचा असून विरोधात कोणीही हजर नव्हतं. हे वाक्य वाचून दाखवायलाही मलाच बोलावलं होतं.

मग दिवे आले. ते लागत, कधी कधी. नळ आले. आणि गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे नाल्या बांधल्या गेल्या, छान सिमेंटच्या. उतार जिकडं होता तिकडं त्या गेल्या, आणि आमच्या वस्तीचा उतार पहिल्यापासून तळ्याकडं. माझ्या घरासमोरची नालीही तिकडंच जाते. सकाळी मोरीत तोंड धुतलं की माझ्या चुळा तळ्यात.

लिलाव पुकारला गेला. ठेकेदार आले, काठावर उभे राहिले, नाकाला रुमाल लावून परत गेले. नगरपालिकेचा माणूस काकीला म्हणाला, "लगा लो अम्मा, कौन रोकता है." म्हणजे तळं तिलाच राहिलं. तिनं वेल सोडले. दसऱ्यानंतर नेहमीसारखी उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी घेऊन दारात आली. मी एक सोलला. तोंडाजवळ नेला आणि वास आला. तिच्यासमोर खाल्ला. बाकीचे तिचा पदर वळणावरून दिसेनासा झाल्यावर शेजाऱ्याच्या म्हशीला टाकले. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं.

बाजारातूनही पाटी तशीच परत यायला लागली. पुढच्या पावसाळ्यात ती दोन मडकी तिच्या अंगणात उपडी पडलेली होती, त्यांवर कोंबड्या बसत. नवऱ्याचा दमा त्या हिवाळ्यात वाढला.

एक दिवस ती पुन्हा कुंपणापाशी आली. लुगडं साधंच होतं.

"भाऊ, आता सभा कधी हाय?"

"कोणती सभा?"

"तेच, पंचायतीतली. मांगच्या वेळी माहं बोलाचं राहून गेलतं. आता मी जाईन. कोरम-गिरम काई पाहत नाई मी, तुमी कितीबी सांगा." हे ती जरा हसून म्हणाली, माझी समजूत काढल्यासारखं. "नाल्या दुसरीकडं फिरवा म्हणून सांगाचं हाय. येवढंच."

मी म्हणालो, "काकी, शहरात ग्रामसभा नसते."

"नसते?"

"नसते."

"मंग लोकं कुठं बोलतात?"

नियमांचं पुस्तक आत कपाटात होतं. ते ग्रामपंचायतीचं. मी कुंपणाची ती हलणारी काठी धरून उभा होतो, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, शिकलेल्या माणसाच्या.