हाफ ओळखणारा सिद्धराम

मी मैंदर्गीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आणि सोलापुरात राहतो. म्हणजे रोज एस.टी.ने जाऊन-येऊन. एकोणीस वर्षांत माझ्या किती विद्यार्थ्यांना इंग्रजी आलं हे कृपा करून विचारू नका. पण 'हाफ' हा शब्द माझ्या मदतीशिवाय सगळ्यांना येतो. 'निम्मं' असा चांगला धडधाकट मराठी शब्द असताना आमच्याकडे शर्ट हाफ, चड्डी हाफ, रजा हाफ आणि चहासुद्धा हाफ. डोक्याने जरा कमी असलेला माणूस हाफ. भांडणात डोकं फुटलं पण माणूस वाचला, तर तो हाफ मर्डर. हा शेवटचा अर्थ मला एका हवालदाराच्या पोराने निबंधात लिहून दिला. मी त्याला दहापैकी पाच दिले.

पण या शब्दाचा या रस्त्यावरचा खरा जाणकार म्हणजे आमच्या गाडीचा कंडक्टर, सिद्धराम बिरप्पा. उंची बेताची, रंग उन्हात तापलेला आणि हात असे लांब की पाचव्या सीटपाशी उभा राहून आठव्या सीटवरच्याला तिकीट द्यायचा. बोलणं कमी. दिवसभरात त्याच्या तोंडून दोनच शब्द निघत, 'हाफ' आणि 'फुल'. एवढ्या दोन शब्दांवर त्याने तीस वर्षं नोकरी केली. मला रोज पाच तास बोलावं लागतं आणि तरी कुणाला काही कळत नाही.

पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट नाही. पाच ते बारा हाफ. त्यापुढे फुल. नियम सोपा आहे, पण आपल्याकडे आई सोबत असली की मूल साडेचार वर्षांचं असतं आणि त्याच मुलाला विचारलं तर ते तिसरीत असतं. सिद्धराम मुलाला काही विचारायचाच नाही. एकदा नजर टाकायचा आणि 'हाफ' म्हणून तिकीट काढून मोकळा. बाई तणतणायच्या, पोर कावरंबावरं व्हायचं, पण सिद्धरामचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. आमच्या शाळेच्या पटावरची वयं मी त्याच्याकडून तपासून घ्यायला हवी होती.

म्हाताऱ्यांचंही तेच. पासष्टला हाफ, पंचाहत्तरला फुकट. त्यांना आधार कार्ड दाखवावं लागतं, आणि कार्डावर जन्मतारीख बहुधा एक जून. आमच्या भागातली निम्मी जनता एक जूनला जन्मलेली आहे. याला जबाबदार आमचीच जमात. पूर्वी जूनमध्ये शाळा उघडली की मास्तर पोराला उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. लगेच नाव पटावर आणि जन्मतारीख एक जून. दाखला नाही, पंचांग नाही, कान सापडला की झालं.

दोन हजार तेवीसपासून बायकांना सरसकट हाफ झालं. तेव्हापासून जोडपं गाडीत चढलं की सिद्धराम नवऱ्याकडे बघून 'फुल' आणि बायकोकडे बघून 'हाफ' म्हणायचा. वर एकदा मला हळूच म्हणाला, "घरात उलटं आसतंय की, सर." एवढ्या वर्षांत त्याने माझ्याशी केलेला हा पहिला विनोद. मी तो घरी सांगितला नाही.

तर या दोन हजार पंचवीसच्या मार्चमध्ये सिद्धरामला निवृत्तीचं पत्र आलं. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सदुसष्ट, एकतीस मेला अठ्ठावन्न पूर्ण, आपल्या सेवेबद्दल आभार. त्या सकाळी पत्र खिशात घेऊन तो गाडीत चढला. अक्कलकोटला गर्दी उतरली तसा शेजारी येऊन बसला.

"सर, मला आत्ता कुटं छपन्नावं चालू हाय," तो म्हणाला.

"आणि कागदावर?"

"कागुद खोटा हाय. माजं हात लांब. चार वर्साचा आसताना कान घावला. मास्तर फसलं आन् दोन वर्सं वाढवून बसलं."

लोकांची वयं नजरेने ओळखणाऱ्या माणसाचं स्वतःचं वय गेली पन्नास वर्षं कागदावर चुकीचं होतं. मला हसू येत होतं, पण त्याचं तोंड बघून गिळलं. त्याची धाकटी मुलगी सोनम नर्सिंगला होती आणि तिची बरोबर दोन वर्षं राहिली होती. त्याला कुणाचं काही नको होतं, फक्त स्वतःची ती दोन वर्षं परत हवी होती. "पोरीच्या डोक्यावर टोपी चढंपर्यंत माज्या आंगावर खाकी ऱ्हायला पायजे," एवढंच त्याचं म्हणणं.

डेपोतल्या रामहरी कारकुनाने आधी नियम वाचून दाखवला. जन्मतारीख बदलायची असेल तर नोकरीला लागल्यावर पाच वर्षांच्या आत सांगायचं असतं. तीस वर्षांनी कुणी सांगत नाही. मग त्यालाही दया आली असावी. म्हणाला, आई हयात आहे ना, तिचं प्रतिज्ञापत्र जोडा, अर्ज वर पाठवतो, पुढं तुमचं नशीब. सिद्धराम अर्ज लिहायला माझ्याकडे आला. इंग्रजीतच लिहा म्हणाला, इंग्रजीतलं साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात. माझा अनुभव तसा नाही, पण लिहिला. आणि आईचं म्हणणं नीट उतरवून घ्यायला एप्रिलातल्या एका रविवारी त्याच्याबरोबर वस्तीवर गेलो.

मैंदर्गीच्या अलीकडे रस्ता सोडून दोन किलोमीटर आत त्यांची वस्ती. त्याची आई केराबाई कडुनिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण शेळीचा कान धरून तिला बाजूला सारण्याची ताकद शाबूत. सिद्धरामने पाया पडून अर्जाची हकिकत सांगितली. मी पेन उघडून बसलो.

"सिद्धराम कधी झाला, आजी?" मी विचारलं.

"भूकंप झाला बगा कोयनंचा, तवा ह्यो पोटात बी न्हवता. त्याच्यानंतर एक मिरग गेला. दुसऱ्या मिरगात झाला. आमची भुरी शेळी बी त्याच दिवशी व्याली."

मी हिशेब केला. भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला. म्हणजे सिद्धराम एकोणसत्तरच्या जूनमधला. अगदी शंभर टक्के दोन वर्षं. शेळीचा जन्मदाखला मिळाला असता तर काम पक्कंच होतं. मी सिद्धरामकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा फुल हसू पाहिलं.

"बगा सर. मास्तर फसलं म्हनत हुतो का न्हाय?"

"मास्तर कुटला फसतोय," केराबाई पाला टाकता टाकता म्हणाल्या. "मी फसवला त्येला."

सिद्धराम म्हणाला, "आव्वा, काय बोलायलीस?"

"खरं तेच. दुष्काळाचं साल. मेंढरं संपली हुती. तुजा बाप खडी फोडाया जायाचा. शाळंत सुकडी वाटायची, पन पटावर नाव आसंल त्यालाच." सुकडी म्हणजे त्या दुष्काळात पोरांना मिळायचं ते भाजलेल्या पिठाचं गोडसर खाणं. आमच्या शाळेतले जुने लोक अजून तिची चव सांगतात. "तुला चार सरलं हुतं. हात कानाच्या वर चार बोटं ऱ्हायाचा. मग रोज सकाळी तुला उबा करून हात वडायची. पंधरा दीस. तू रडायचास. मान कलती करायला शिकीवली. तरी न्हाई पोचला तर कानच वर वडायची. शाळा उगडली त्या दिवशी बरूबर घावला."

माझ्या पेनातून काही उतरलं नाही. हे प्रतिज्ञापत्रात कसं लिहितात ते मला माहीत नव्हतं.

 सिद्धराम लहान पोरासारखा म्हणाला, "माजी दोन वर्सं गेली की गं, आव्वा. सोनमचं अजून दोन वर्सं हाय."

"गेली कुटं?" म्हातारी चिडली. "खाल्लीस की. एक वरीस तू खाल्लंस, एक दानम्मीनं."

दानम्मा ही सिद्धरामची धाकटी बहीण, दुधनीला दिलेली. त्या साली ती दीड वर्षाची होती, असं केराबाईंनीच मला सांगितलं. आईच्या अंगावरचं दूध आटलेलं. पोरगी मान धरत नव्हती. "ह्यो निम्मी सुकडी तितं खायाचा, निम्मी टोपीत घालून घरी आनायचा. मी पान्यात कालवून तिला पाजायची. चार वर्साचं पोर, सर. दोन मैल चालत यायचं. वाटंत एखादा घास खाल्ला आसता तर मी काय बोलनार हुते? पन कवाच न्हाई खाल्ला. वर्सभर आनली. आता दानम्मीच्या नातवाची मुंज का काय ते हाय म्हनं."

"जावळ, आव्वा," सिद्धराम म्हणाला. "आपल्यात मुंज नसत्याय."

"तेच ते. आन् तो कागुद. आंगटा देते. खोटं मीच सांगितलं आसं लिवा."

तिने अंगठा पुढे केला. शाईचा पॅड माझ्याकडे होता. पण सिद्धरामने माझ्या मांडीवरचा अर्ज उचलला, दोनदा घडी घातली आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकला. मी म्हटलं, अहो, आपल्याकडे साक्षीदार आहे, तारीख आहे, अर्ज जाऊ दे की. तो म्हणाला, "नगं, सर. ते खाऊन झालंय." सोनमचं तो बघणार होता. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांना गेटवर माणूस लागतो, तिथंही खाकीच घालतात.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मी वर्गात समजावून सांगू शकणार नाही.

परतीच्या गाडीसाठी आम्ही फाट्यावर बाभळीच्या सावलीला उभे होतो. सिद्धरामने मोबाइल काढला आणि कुणाला तरी फोन लावला. पलीकडून बायकी आवाज आला.

"दानम्मा, जेवलीस का?" त्याने विचारलं.

दुपारचे साडेचार वाजले होते. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"न्हाई, काय न्हाई," सिद्धराम म्हणाला. "सहज इचारलं."