गच्चीवरचा लाल टॅग

भेंडीला व्हर्नियर लावून तिची जाडी मोजणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो आमच्या बिल्डिंगमध्ये राहतो. कंपनीत तीस वर्षं माल तपासून काका निवृत्त झाले, पण त्यांच्यातला क्वालिटीवाला काही निवृत्त व्हायला तयार नाही. आमची वस्ती चाकणच्या वाटेवर, तिन्ही बाजूंना कारखाने. कोपऱ्यावरच्या दुकानात वेफर्सची पाकिटं हवी तितकी, पण ताज्या मेथीसाठी दोन रिक्षा बदलाव्या लागत. म्हणून काकांनी गच्चीवर अर्धे कापलेले निळे ड्रम मांडले आणि बघता बघता अख्खी बिल्डिंग घरची भाजी खाऊ लागली. प्रत्येक ड्रमला टॅग: पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल. टोमॅटोच्या कोपऱ्यात ऊन उशिरा पोचे, म्हणून टोमॅटो सेकंड शिफ्टला. एकदा मी वाकडी काकडी मागितली तर म्हणाले, ‘‘ताई, रिजेक्ट माल गिऱ्हाइकाला देत नसतो मी,’’ आणि तिथेच मीठ लावून ती स्वतः खाल्ली.

सकाळी मी कपडे वाळत घालायला वर जाई, तेव्हा कारखान्यांचे पत्रे धुक्यात विरघळलेले असत, मेथीवर दव असे आणि काका हात मागे बांधून त्या दवाकडे पाहत उभे असत. क्षणभर मला माहेरच्या शेतात आल्यासारखं वाटे. हे सुख मला सोडायचं नव्हतं. म्हणून गच्चीखालच्या माझ्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं, तेव्हा मी खाली पातेलं ठेवलं आणि गप्प बसले. सोसायटीला कळलं असतं तर ड्रम दुसऱ्याच दिवशी खाली आले असते.

एका सकाळी मेथीची जुडी द्यायला आलेल्या काकांनी वर पाहिलं.

‘‘कधीपासून गळतंय?’’

‘‘जुनंच आहे हो. बिल्डरची कृपा.’’

त्यांनी स्टूल मागितलं, वर चढून ओल चाचपली, बोट हुंगलं. ‘‘शेणखताचा वास येतोय, ताई.’’

‘‘राहू द्या ना काका. मला चालतंय.’’

‘‘मला नाही चालत.’’

संध्याकाळी गच्चीच्या दाराला लाल टॅग लटकत होता. कोणी तक्रार केली नव्हती, तरी आठवडाभरात त्यांनी सगळे ड्रम स्वतः उतरवले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्यासाठी रडूही आलं होतं.

आता छत ठणठणीत कोरडं आहे. मेथी रिक्षातून येते आणि घरी पोचेपर्यंत मान टाकते. काका जिन्यात भेटले की अजूनही विचारतात, ‘‘ताई, ओल नाही ना?’’ मी नाही म्हणते. गेल्या दिवाळीत घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याला छतावरचा ओलीचा तेवढा डाग सोडायला सांगितला. सकाळी चहा उकळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभी असते.