सुप्रभाचा मॉडरेटर

एडिनबराच्या आमच्या मराठी मंडळात सुप्रभाची ओळख 'ती बंदूकवाली' अशी करून दिली जायची, आणि समोरच्याला ती चेष्टा वाटायची. जेमतेम पाच फूट उंची, आणि बोलणं इतकं हळू की शेजारी बसूनही कान पुढे न्यावा लागे. तिला ती सवयच लागली होती. नवरा चंद्रशेखर हॉस्पिटलात रजिस्ट्रार, बहुतेक वेळा नाइट ड्यूटीवर, म्हणजे दिवसभर घरात झोपलेला. फ्लॅट जुना, लाकडी जमिनीचा. सुप्रभा कुकर लावायची नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. मिक्सर टॉवेलात गुंडाळून चालवायची. बीएड करून डिपेंडंट व्हिसावर आलेली ही मुलगी. इथल्या शाळांत तिची डिग्री चालत नव्हती. मला तर त्या घरात पाऊल टाकलं की गुदमरायला व्हायचं, आणि मी तासाभराची पाहुणी.

शनिवारची दुपार तेवढी तिची होती. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरांत तिने नेमबाजीची बक्षिसं घेतली होती. इथे शहराबाहेरच्या एका क्लबात ती पुन्हा जाऊ लागली. पोलिसांचं सर्टिफिकेट मिळवलं, सेकंडहँड पॉइंट टू-टू रायफल घेतली, पॅसेजमधल्या भिंतीला लोखंडी कपाट ठोकून घेतलं. चंद्रशेखरने काही हरकत घेतली नाही. बायको कशात तरी रमली याचं त्याला बरंच वाटलं असावं. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. पोटावर पडून ती नेम धरायची, श्वास रोखायची, आणि गोळी सुटली की मोठ्याने हसायची. तिचं हसणं मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात रेंजशेजारच्या शेतात नवी घरं झाली आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. क्लबाने नियम काढला की नाताळानंतर मॉडरेटरशिवाय रेंजवर कुणी यायचं नाही. मॉडरेटर म्हणजे रायफलच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायचं नळकांडं. सिनेमात त्याला सायलेन्सर म्हणतात.

"अनुराधाताई, तिथेसुद्धा आता हळूच!" सुप्रभा मला फोनवर म्हणाली. तेही कुजबुजत, कारण चंद्रशेखर झोपला होता.

मी तिला गाडीतून बंदुकांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आधी स्टीलचा, चकचकीत, महागडा मॉडरेटर काउंटरवर ठेवला. सुप्रभाने तो तळहातावर तोलला.

"टू हेवी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुढे एवढं वजन आलं ना, की माझा हात खाली येतो. हा हरणांच्या मागे जाणाऱ्या लोकांच्या मोठ्या रायफलींसाठी. मला कागदावर भोकं पाडायचीत."

दुसरा ॲल्युमिनियमचा होता, हलका, निम्म्याहून स्वस्त. तो उघडून साफ करता येत नाही, दुकानदार म्हणाला. ती म्हणाली, मी आठवड्यातून एकदा मारते, काजळी साठून साठून किती साठणार? तिने आटे तपासले, मग सावकाश जाणाऱ्या गोळ्यांची एक पेटी मागवली. मला तिने समजावलं, की वेगवान गोळी हवेतच कडाडते, तिथे कितीही महागाचा मॉडरेटर काही करू शकत नाही. उगाच भारीतलं घेण्यात अर्थ नसतो. मी नुसती बघत राहिले. घरी भाजी कुठली करू हे सुद्धा विचारून ठरवणारी बाई इथे कुणालाच विचारत नव्हती.

पण मॉडरेटर लगेच हातात मिळणार नव्हता. आधी सर्टिफिकेटवर त्याची नोंद हवी. दुकानदाराने तो तिच्या नावाने बाजूला ठेवला, तिने पोलिसांकडे अर्ज केला.

मधे दसरा आला. चंद्रशेखरची आई, सुलक्षणाबाई, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात खरंखुरं शस्त्र असताना सुऱ्या-कात्र्या काय पुजायच्या, म्हणाल्या. मी फराळाला गेले तेव्हा रायफल पाटावर होती, झेंडू नाही म्हणून दुकानातली पिवळी शेवंती वाहिलेली, आणि चंद्रशेखर तिच्यावर कुंकवाचं बोट ओढत होता. सुप्रभा कुठेय विचारलं, तर सुलक्षणाबाईंनी आवाज खाली आणला. "बाजूला बसलीय. नेमकं आजच." आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. पूजेचा फोटो काढला, आणि पुढे तो फ्रेम करून शोकेसवर ठेवला गेला.

नोव्हेंबरात पोलिसांच्या परवाना विभागाचे मिस्टर रिची घर बघायला आले. सुलक्षणाबाईंना मंदिरात न्यायचं म्हणून मीही तिथे होते. रिचींनी कपाट हलवून पाहिलं, कुलूप पाहिलं, चहा घेतला. सगळं झालंच होतं, पेन हातात होतं, आणि त्यांची नजर फोटोवर गेली.

"अवर फेस्टिव्हल!" चंद्रशेखर खुलला. "वी वर्शिप द वेपन्स. आय डिड इट मायसेल्फ. शी कुडन्ट टच इट दॅट डे."

रिचींनी पेन खाली ठेवलं. किल्ली फक्त मॅडमकडे असायला हवी, ते म्हणाले. दुसऱ्या कुणीही कपाट उघडायचं नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. मग ते सुप्रभाकडे वळले. माणूस वाईट नव्हता.

"बट यू ओपन्ड इट, डिडन्ट यू? यू वेअर स्टँडिंग देअर?"

"यस, यस, राइट देअर," चंद्रशेखर घाईने म्हणाला, आणि मग मराठीत, "अगं, हो म्हण ना."

एका 'यस'वर सगळं होतं. सर्टिफिकेट, मॉडरेटर, शनिवार. म्हण बाई, म्हण, मी मनात म्हणत होते. सुप्रभा फोटोकडे बघत होती. त्यात ती कुठेच नव्हती.

"नो," ती म्हणाली. "आय वॉज इन दॅट रूम. डोअर क्लोज्ड. दे डिडन्ट लेट मी टच माय ओन रायफल. सो आय गेव्ह हिम द की."

रिचींनी दोनदा सॉरी म्हटलं. निर्णय वरचे लोक घेतील, पण तोवर रायफल न्यावी लागेल, म्हणाले. निर्णय काय येणार ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. सुप्रभाने स्वतः कपाट उघडलं आणि रायफल कव्हरात घालून त्यांच्या हातात दिली. ते जिना उतरू लागले.

"काय म्हणाली ही त्याला?" सुलक्षणाबाई विचारत होत्या. "बंदूक कुठे नेतोय तो?"

"काही नाही, आई," चंद्रशेखर म्हणाला.

"मी सांगते," सुप्रभा म्हणाली, एवढ्या मोठ्याने की जिन्यातली पावलं थांबली. "त्या दिवशी तुम्ही माझ्या वस्तूला मला हात लावू दिला नाहीत, आई, म्हणून ती गेली. खोटं बोलले असते तर राहिली असती. पण मग त्या खोलीत दार लावून मी बसलेच नव्हते, असं झालं असतं. आणि मी बसले होते."