मास्टरांनी हौदा शिवला

मास्टर म्हणजे शिंपी. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या पॅंटी शिवल्या. रेडिमेड कपड्यांनी दुकान बंद पाडलं तेव्हा त्यांचे डोळे शाबूत होते, पण हात रिकामे झाले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. दुसऱ्या महिन्यात त्यांची नजर अंगणातल्या ट्रकवर गेली आणि घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. जरा घाईच केली म्हणायची.

ट्रक थोरल्या भावाचा; ट्रकचं वय मास्टरांपेक्षा जेमतेम चार वर्षांनी कमी. दादानं त्यावर विटा, पाइप, दगड, मिळेल ते वाहिलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादा आणि ट्रक दोघंही अंगणात बसून होते. पुढे गुडघा बरा झाला, इंजिनही पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं, पण मागचा बिनकठड्याचा हौदा पार कुजला होता. फळ्यांमधून गवत डोकावत होतं. दादा भंगारवाल्याच्या गोष्टी करू लागला.

"हौदा मी बांधतो," मास्टर म्हणाले.

दादानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काज-बटणं पण लावणार का?"

मास्टर गळ्यात टेप अडकवून कामाला लागले. गंजलेले बोल्ट कापले, खालचे लोखंडी बार घासून रंगवले, वखारीतून जाड फळ्या आणल्या आणि त्यांवर खडूनं खुणा केल्या. वखारवाल्यानं बजावलं होतं, "दोन फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट ठेवा हं." मास्टरांना तो अपमान वाटला. त्यांच्या हातच्या जोडात आजवर कुणाला फट दिसली नव्हती. महिनाभर रंधा मारून त्यांनी फळीला फळी अशी बसवली की मध्ये ब्लेडचं पातंही शिरेना. दादा रोज खुर्ची टाकून बघत बसायचा. चकार शब्द काढायचा नाही. मास्टरांना वाटलं, दादा थक्क झालाय.

मग चार दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी मास्टर बाहेर आले, तर हौद्याच्या मधोमध उंटाची पाठ. फळ्या फुगून एकमेकींना रेटत वर उठल्या होत्या, आणि बोल्टही उपसून निघाले होते.

"तुला माहीत होतं?" मास्टरांनी दादाला विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

मास्टर पायरीवरच बसले. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी आधी हौदा पाहिला, मग नवऱ्याला, मग दिराला. "भाऊजी, गिऱ्हाइकाचं पोट सुटेल म्हणून तुम्ही शिवणीत दोन बोटं कापड ठेवायचात ना? मग लाकडाला पोट नसतं का?"

मास्टर दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या फळ्या उचकटल्या, सुकवल्या, कडा तासल्या आणि कानामागची पेन्सिल मध्ये धरून पुन्हा एकेक बसवली. या वेळी दादानं खुर्ची हौद्याजवळ ओढली आणि कुणी न सांगता पाना हातात घेतला.

पहिलं काम एका कंत्राटदाराचं आलं, फरसबंदीचे दगड. ट्रक दादानं चालवला, मास्टर शेजारी. आयुष्यभर खड्ड्यांना न जुमानणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक खड्डा चुकवत होता. "गुडघ्याला हादरे बसतात," तो म्हणाला. गुडघा बरा होऊन वर्ष झालं होतं.

दगड उतरल्यावर कंत्राटदारानं फळ्यांवर हात फिरवला. "हौदा कुणाकडून करून घेतला?"

"धाकट्या भावाकडून," दादा म्हणाला. "जरा उशिरा कळतं त्याला. पण हात सोन्याचा आहे."

भावाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही तिऱ्हाइताला सांगितलेलं. मास्टर घाईघाईनं मागे गेले आणि दोन्ही हातांनी हौद्यावरची धूळ झटकू लागले. कंत्राटदार निघून गेला तरी त्यांचं झटकणं चालूच होतं.